हुशारीची पैदास

स्कॉटलंडच्या दक्षिणेला, इंग्लंडच्या हद्दीजवळ, एट्रिक नावाचं डोंगराळ खोरं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे जेम्स हॉग नावाचा तरुण दुसऱ्यांच्या मेंढ्या राखायचा. शाळेचं तोंड त्यानं जेमतेम काही महिने पाहिलं होतं. पुढे हाच हॉग कवी आणि कादंबरीकार म्हणून गाजला, एडिंबरोच्या ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मध्ये लिहू लागला. मेंढपाळीच्या आठवणी सांगताना त्यानं आपल्या कुत्र्यांनाही ऐसपैस जागा दिली. त्यातल्या एकाचं नाव सिरा. गुरं हाकत निघालेला एक माणूस या कुत्र्याला गळ्यात दोरी बांधून ओढत नेत होता. कुत्रा हडकुळा, उपाशी, दिसायलाही ओंगळ. हॉगनं एक गिनी मोजून तो घेतला. तोवर सिरानं जन्मात एक मेंढी वळवली नव्हती.

काही काळानंतरची गोष्ट. कोकरांना आयांपासून तोडायचे दिवस होते. मध्यरात्री सुमारे सातशे कोकरं बिथरली आणि तीन टोळ्या होऊन तीन दिशांना डोंगरात उधळली. अंधार असा की कुत्रा कुठे गेला तेही कळेना. हॉग आणि त्याच्या जोडीचा पोरगा रात्रभर टेकड्या पालथ्या घालत राहिले, पण एक कोकरू हाती लागलं नाही. उजाडल्यावर, मालकापुढे कोणत्या तोंडानं उभं राहायचं या घोरात दोघं परत निघाले, तर एका खोल घळीच्या तळाशी कोकरं गोळा झालेली आणि त्यांच्यासमोर सिरा उभा. त्यांना वाटलं, चला, तिनांतली एक टोळी तरी सापडली. जवळ जाऊन पाहतात तो सगळाच्या सगळा कळप तिथे होता, एकही कोकरू कमी नव्हतं.

हॉग पडला गोष्टीवेल्हाळ, त्यामुळे थोडा मीठमसाला गृहीत धरायला हरकत नाही. पण त्याच लेखनात त्यानं केलेला हिशोब मात्र रोकडा आहे. डोंगरातला कळप गोळा करायला एक मेंढपाळ आणि एक कुत्रा पुरे होतो; कुत्रा नसेल तर वीस माणसंही कमी पडतील, आणि त्यांची मजुरी देताना मालकाचं दिवाळं वाजेल, असं त्याचं म्हणणं. कुत्रा घरादाराची भाकरी कमावतो आणि स्वतः उष्ट्या तुकड्यावर राहतो. सर्वांत हुशार कुत्र्यांची कुठलीही यादी आज उघडली तरी पहिलं नाव बहुधा बॉर्डर कॉलीचं असतं. हा कॉली याच टापूतला आणि याच हिशोबातून घडलेला. त्याची हुशारी ही मुळात मजुरीतली बचत होती.

मेंढ्या वळवणारा कुत्रा हॉगच्या काळाहून बराच जुना आहे. केंब्रिजचा डॉक्टर जॉन कीज यानं १५७० मध्ये इंग्लंडातल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. सहा वर्षांनी ते इंग्रजीतही आलं. त्यात मेंढपाळाच्या कुत्र्याचं वर्णन आहे. धन्याची हाक ऐकून, उगारलेली मूठ पाहून किंवा तीक्ष्ण शीळ ऐकून तो भरकटलेल्या मेंढ्या हव्या त्या जागी आणतो, धन्याला फारसं जागचं हलावंही लागत नाही. कीजनं आणखी एक मार्मिक नोंद केली आहे. हा कुत्रा धिप्पाड नसतो, मध्यम चणीचा असतो, कारण इंग्लंडात त्याची गाठ लांडग्याशी पडत नाही.

या नोंदीत पुष्कळ काही दडलेलं आहे. जिथे लांडगा आहे तिथे मेंढपाळाला राखणदार लागतो: दांडगा, संशयी, धनी झोपलेला असताना स्वतःच्या अकलेनं अंगावर जाणारा. दख्खनच्या माळरानावर आजही हेच चालतं. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याकडच्या माळांवर लांडगा अजून टिकून आहे, आणि धनगरांच्या वाड्यावरचा कुत्रा त्याच्यासाठीच असतो. दिवसा कळप वळवायचा तो माणसांनी, हाकेनं आणि काठीनं. रात्री वाघर लावून मेंढ्या आत घेतल्या की कुत्र्यांची पाळी सुरू होते. त्या कुत्र्याला शिट्टीवर डावं-उजवं शिकवायची गरज कुणाला पडली नाही. पहाटे तीन वाजता धन्याला विचारत बसणारा कुत्रा धनगराच्या काय कामाचा? ब्रिटनमध्ये लांडगा नामशेष झाला, राखणीचं काम उरलं नाही, आणि मेंढपाळांनी कुत्र्याच्या अंगचा दुसरा गुण वाढवायला घेतला: माणसाकडे कान लावून ठेवणं.

मात्र, हॉगच्या पिढीपर्यंत या कुत्र्यांना जात अशी नव्हती. दऱ्याखोऱ्यांत ज्याचा कुत्रा कामाला चांगला, त्याच्याकडे शेजारी आपली कुत्री घेऊन जात. कुणी काळा, कुणी तांबूस, कुणी केसाळ, कुणी आखूड केसांचा. कागदावर काहीच नाही. कुणाचा कुत्रा सरस यावर गुत्त्यात वाद रंगत, आणि ते मिटवायला तराजू नव्हता.

तो तराजू वेल्सच्या एका हौशी जमीनदारानं आणला. बाला गावाजवळच्या रिव्लास इस्टेटीचा मालक रिचर्ड जॉन लॉइड प्राइस यानं ९ ऑक्टोबर १८७३ रोजी मेंढपाळ कुत्र्यांची जाहीर स्पर्धा भरवली. न्यूझीलंडकडे त्याआधी अशा चढाओढी झाल्याचं सांगतात. ब्रिटनमधली मात्र ही पहिली. दहा कुत्रे उतरले. गर्दी वेल्श, मैदान वेल्श, मेंढ्या वेल्श, आणि जिंकला कोण, तर ट्वीड नावाचा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला कुत्रा. धनीही वेल्समध्ये येऊन राहिलेला स्कॉटिश माणूस. गावकऱ्यांना ते कितपत रुचलं असेल याची कल्पना करता येते, पण स्पर्धेचं वेड पसरलं. तीन वर्षांनी प्राइसनं हाच खेळ लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसच्या मैदानात शहरी लोकांपुढे मांडला.

हा प्राइस मोठा वल्ली होता. पुढे १८८९ मध्ये त्यानं फ्रॉनगॉखला वेल्श व्हिस्कीचा कारखाना काढला. तो बुडाला आणि त्याच इमारतीत १९१६ मध्ये ब्रिटिशांनी आयर्लंडच्या बंडखोरांना डांबलं. घराण्याच्या समाधीवर त्यानं बेंडिगो नावाच्या शर्यतीच्या घोड्याचे आभार कोरून ठेवले आहेत, कारण बांधकामाचे पैसे त्या घोड्यानं मिळवून दिले होते. प्राणी म्हटला की पैज आली, असा त्याचा खाक्या. मेंढपाळांनी मात्र त्याचा खेळ भलताच मनावर घेतला.

त्याच सुमारास या कुत्र्याला दुसरी एक वाट फुटली. राणी व्हिक्टोरिया बालमोरलच्या मुक्कामात कॉलींच्या प्रेमात पडली. तिच्या शार्प नावाच्या कॉलीचा पुतळा विंडसरला आहे. राणीनं पाळला म्हटल्यावर सरदारांनी पाळला, मग व्यापाऱ्यांनी. बर्मिंगहॅमच्या १८६० च्या प्रदर्शनात स्कॉटिश मेंढपाळ कुत्र्यांचा वेगळा वर्ग होता. प्रदर्शनात मेंढी नसते, पंच असतो, आणि पंचाला दिसतं ते रूप. काही दशकांत नाक लांब आणि निमुळतं झालं, आयाळ भरघोस झाली, किमती आभाळाला भिडल्या. सिनेमातली लॅसी ती हीच. १९४३ च्या पहिल्या चित्रपटात तिचं काम पाल नावाच्या एका नरानं केलं होतं, हे जाता जाता. डोंगरातल्या मेंढपाळांना या देखण्या भाऊबंदांचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यांना कामाचा कुत्रा हवा होता.

तो त्यांना मिळाला नॉर्थंबरलंडमध्ये, स्कॉटलंडच्या हद्दीलगत. अ‍ॅडम टेल्फर नावाच्या शेतकऱ्याकडे रॉय आणि मेग अशी जोडी होती. रॉय काळा-पांढरा, तांबूस छटेचा, स्वभावानं मोकळा आणि प्रेमळ. कामात मात्र यथातथाच. मेग कुळकुळीत काळी, लाजाळू, आणि तिची नजर विलक्षण. मेंढपाळांच्या बोलण्यात या नजरेला फार महत्त्व आहे. कुत्रा पोट जमिनीला टेकवून, मान खाली घालून मेंढीवर डोळे रोखतो आणि मेंढी मागे सरकते. लांडगाही शिकारीआधी असाच दबा धरतो. फरक इतकाच की पुढचा लचका पैदाशीतून वजा केलेला असतो. मेगमध्ये ही नजर इतकी भरलेली होती की मेंढ्यांकडे बघता बघता ती स्वतःच खिळून बसे, आणि मग कामाचा बोजवारा.

या जोडीला सप्टेंबर १८९३ मध्ये पिल्लू झालं, त्याचं नाव हेम्प. आईची नजर आली, बापाचं डोकं थंड ठेवणं आलं. तोवरचे मेंढपाळ कुत्रे भुंकत, मेंढ्यांच्या टाचांना तोंड घालत, धावपळ करून काम उरकत. हेम्प भुंकत नसे. दुरून वळसा घालून येई, थांबे, पाही, आणि मेंढ्या निमूट चालू लागत. काम करताना त्याचं अंग थरथरत असे, असंही त्याला पाहिलेले लोक सांगत. वर्षाचा होण्याआधीच त्याचं नाव पंचक्रोशीत झालं आणि दूरदूरचे मेंढपाळ आपल्या कुत्र्या घेऊन टेल्फरच्या दारी येऊ लागले. मे १९०१ मध्ये, आठ वर्षांचाही नसताना, तो मेला. मागे दोनशेहून जास्त पिल्लं सोडून गेला. आजचा जवळजवळ प्रत्येक बॉर्डर कॉली कुठून ना कुठून हेम्पचा वंशज निघतो.

१९०६ मध्ये स्कॉटलंडमधल्या हॅडिंग्टन गावी इंग्रज आणि स्कॉटिश मेंढपाळांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय मेंढपाळ-कुत्रा संस्था काढली. तिच्या वंशावळीच्या वहीत ‘ओल्ड हेम्प’चा क्रमांक ९ आहे. संस्थेचे सचिव जेम्स रीड पेशानं वकील. प्रदर्शनातल्या कॉलीपासून आपला कुत्रा वेगळा दिसावा म्हणून ‘बॉर्डर कॉली’ हे नाव त्यांनी रूढ केलं. या संस्थेचा एक नियम मुद्दाम सांगण्याजोगा आहे. वहीत आईबापांची नोंद नसलेला कुत्राही, पंचांसमोर काम करून दाखवलं, तर वहीत येऊ शकतो. कान उभे की पडलेले, केस लांब की आखूड, हे कुणी विचारत नाही.

मग पंच विचारतात तरी काय? ब्रिटनमधल्या राष्ट्रीय स्पर्धेचा एक फेरा पाहिला की कळतं. धनी एका खांबापाशी उभा. पाच मेंढ्या सुमारे चारशे यार्डांवर, कधी टेकडीच्या कुशीत, दिसतील न दिसतील अशा. हुकूम मिळताच कुत्रा सुटतो, पण सरळ जात नाही. मेंढ्या बिचकू नयेत म्हणून मोठी कमान घेत त्यांच्या पलीकडे पोचतो. या धावेला २० गुण. मग तो क्षण, मेंढ्या पहिलं पाऊल उचलतात तो. त्याला १० गुण, आणि जाणकार प्रेक्षक डोळ्यांत तेल घालून तेवढंच बघतात. मेंढ्या दचकून उठल्या की गुण गेले. तिथून सरळ रेषेत धन्याकडे, २० गुण. नंतर धन्यापासून दूर, फाटकांच्या जोड्यांमधून त्रिकोणात हाकणं, ३० गुण. हा भाग कुत्र्याच्या स्वभावाच्या उलटा, कारण शिकार टोळीकडे आणायची हे त्याच्या रक्तात आहे, टोळीपासून दूर न्यायची हे नाही. शेवटी लहानशा कोंडवाड्यात मेंढ्या घालायच्या. धन्याच्या हातात फाटकाला बांधलेली सहा फुटांची दोरी असते. ती सोडायची नाही आणि मेंढीला हात लावायचा नाही. एखादी म्हातारी मेंढी फाटकाच्या तोंडाशी येऊन पाय आपटते, कुत्र्याकडे टक लावून बघते. कुत्रा एक पाऊल पुढे टाकतो, थांबतो. घाई केली तर मेंढी उसळणार, कच खाल्ली तर निसटणार. अशा वेळी हुकूम यायची वाट पाहणारा कुत्रा हरतो आणि हुकूम न ऐकणाराही हरतो.

हुकूम मोजकेच असतात. ‘कम बाय’ म्हटलं की घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, ‘अवे’ म्हटलं की उलट, ‘लाय डाउन’ म्हणजे थांब. लांबवर आवाज पोचत नाही म्हणून धातूच्या दुमडलेल्या पत्र्याची शिट्टी ओठांत धरतात, आणि प्रत्येक कुत्र्याच्या शिट्ट्या वेगळ्या ठेवतात, म्हणजे दोन कुत्रे एकाच माळावर असले तरी घोटाळा होत नाही. बीबीसीनं १९७६ मध्ये ‘वन मॅन अँड हिज डॉग’ नावानं या स्पर्धा दूरचित्रवाणीवर आणल्या, आणि ज्यांनी जन्मात मेंढी पाळली नाही असे लाखो लोक त्या बघत बसले.

स्पर्धेनं पैदाशीला दिशा दिली, ती इतकी की कधी कधी अति झालं. १९६५ मध्ये कार्डिफला विस्टन कॅप नावाचा जेमतेम दोन वर्षांचा कुत्रा सर्वोच्च विजेता ठरला. त्यानंतर त्याच्याकडे कुत्र्यांची अशी रीघ लागली की त्याची हजारावर पिल्लं वहीत चढली. त्याचं चित्र आता संस्थेच्या बोधचिन्हावर आहे.

मेंढपाळ असे हुशारीची पैदास करत असताना शहरातले विद्वान हुशारी म्हणजे काय यावर डोकं खपवत होते. डार्विनचा शेजारी सर जॉन लबक यानं १८८० च्या दशकात आपल्या व्हॅन नावाच्या पूडलला अक्षरं छापलेले पत्ते ओळखायला शिकवलं. खाणं हवं असेल तर त्या शब्दाचा पत्ता, बाहेर जायचं तर दुसरा. लंडनच्या सुशिक्षितांना मोठी गंमत वाटली. मग आला लॉइड मॉर्गन. त्याचा टोनी नावाचा फॉक्स टेरिअर डोक्यानं खिटी उचलून फाटक उघडायचा. बघणारा म्हणे, काय अक्कल आहे! मॉर्गननं मात्र ती अक्कल आली कशी ते पहिल्यापासून पाहिलं होतं. टोनी फाटकाच्या गजांतून कुठेही डोकं घालायचा. एकदा चुकून खिटी उचलली गेली, हळूहळू चुका कमी झाल्या, एवढंच. साध्या कारणानं भागत असेल तर प्राण्याच्या वागण्याला मोठी बुद्धी चिकटवू नये, हा त्याचा १८९४ चा दंडक पुढे मानसशास्त्रात प्रमाण झाला. हेम्प त्या वर्षी पिल्लूपण ओलांडत होता.

जातीजातींची पद्धतशीर तुलना व्हायला मात्र विसावं शतक अर्धं सरावं लागलं. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरला जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जाती पिल्लांपासून वाढवल्या: बसेंजी, बीगल, कॉकर स्पॅनिअल, शेटलंड शीपडॉग आणि फॉक्स टेरिअर. वर्षानुवर्षं त्यांच्या चाचण्या घेतल्या. १९६५ मध्ये ग्रंथ निघाला. ज्यांना पहिला-दुसरा-तिसरा हवा होता त्यांची त्यातून निराशाच झाली. वजनकाट्यावर गप्प उभं राहायला कॉकर झटकन शिकले, तर दुसऱ्या एखाद्या कोड्यात भलतीच जात पुढे. सगळ्या परीक्षांत वरचढ अशी एकही जात निघाली नाही. फरक पडे तो भीतीनं, उत्साहानं, खाण्याच्या ओढीनं, माणसाच्या सवयीनं. हा ग्रंथ अभ्यासकांत गाजला. सामान्य श्वानप्रेमींनी त्याचं नावही ऐकलं नसेल.

त्यांनी ऐकलं ते स्टॅन्ली कोरेन यांचं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या या मानसशास्त्रज्ञानं अमेरिका आणि कॅनडातल्या आज्ञापालन स्पर्धांच्या पंचांना प्रश्नावली पाठवल्या. १९९ पंचांनी त्या भरून दिल्या. त्यांच्या मतांवरून १९९४ च्या पुस्तकात शंभराहून जास्त जातींची क्रमवारी लागली. पहिला बॉर्डर कॉली, दुसरा पूडल, तिसरा जर्मन शेफर्ड, मग गोल्डन रिट्रीव्हर, डोबरमन, शेटलंड शीपडॉग, लॅब्रडॉर. वरच्या गटातला कुत्रा नवा हुकूम पाचेक वेळात शिकतो आणि शंभरात पंचाण्णव वेळा पहिल्याच हाकेला ऐकतो, असा निकष. तळाशी बुलडॉग, बसेंजी आणि अगदी शेवटी अफगाण हाउंड.

ही यादी तेव्हापासून जगभर फिरते आहे. ती बनवणारा तराजू कुठून आला हे फारसं कुणी बघत नाही. आज्ञापालन स्पर्धा अमेरिकेत सुरू केल्या हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईंनी. त्या पूडल पाळायच्या. केस कातरून नटवलेला हा कुत्रा बिनडोक असतो अशी लोकांची समजूत, आणि तिचा त्यांना मनस्वी संताप. इंग्लंडमध्ये मेंढपाळ, पोलीस आणि लष्करी कुत्र्यांच्या एका संस्थेच्या चाचण्या चालत. त्यांच्या धर्तीवर बाईंनी १९३३ मध्ये न्यूयॉर्कजवळ माउंट किस्कोला पहिली स्पर्धा भरवली. आठ कुत्रे आले. १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबनं नियम मान्य केले. पुढच्या वर्षी वॉकरबाई आणि त्यांच्या सहकारी ब्लांच साँडर्स तीन पूडल घेऊन, गाडीमागे ट्रेलर जोडून, सुमारे सोळा हजार किलोमीटर देशभर प्रात्यक्षिकं करत फिरल्या. मेंढपाळ आणि पोलीस कुत्र्यांसाठी आखलेली परीक्षा पूडलच्या अब्रूसाठी अमेरिकेत आली, आणि साठ वर्षांनी तिच्याच पंचांनी मेंढपाळाचा कुत्रा पहिला, पूडल दुसरा आणि पोलिसांचा लाडका जर्मन शेफर्ड तिसरा ठरवला. यात लबाडी कुणाचीच नव्हती. ज्या कामासाठी माप कापलं, ते काम करणाऱ्यांच्या अंगाला ते बसलं.

पहिल्या सातांतल्या जातींचं मूळ शोधलं तर ते आणखी उघड होतं. जर्मन शेफर्डसुद्धा मेंढपाळाचाच. कॅप्टन मॅक्स फॉन श्टेफानित्स यानं १८९९ मध्ये कार्ल्सरूहेच्या प्रदर्शनात असा एक कुत्रा पाहिला, तिथल्या तिथे विकत घेतला आणि त्याला आपल्या नव्या संस्थेच्या वहीत पहिला क्रमांक दिला. जर्मनीतल्या मेंढ्या कमी होत गेल्या तसं त्यानं या कुत्र्याला पोलिसांत आणि लष्करात काम शोधून दिलं. गोल्डन रिट्रीव्हर स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथच्या इस्टेटीवर १८६८ पासून घडला. लॅब्रडॉर न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडून आला, पण त्याची जात सांभाळली ती मुख्यतः ड्यूक ऑफ बक्लू यांच्या घराण्यानं, म्हणजे ज्या घराण्यानं जेम्स हॉगला राहायला शेत दिलं होतं त्यानंच. या रिट्रीव्हरांचं काम काय? बंदुकीचा बार होईपर्यंत गप्प बसायचं, धन्याच्या इशाऱ्यावर जायचं, पक्षी न चावता आणून द्यायचा. म्हणजे पुन्हा दर पावलाला माणसाकडे बघणं.

अफगाण हाउंडचं काम याच्या बरोबर उलटं होतं. नजरेनं शिकार हेरायची आणि घोडेस्वाराच्या कितीतरी पुढे निघून जायचं. तिथे शिट्टी कुणी वाजवायची आणि ऐकायची कुणी? वळायचं कुठे, झेप कधी घ्यायची, हे त्याचं त्यानं ठरवायचं. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागातला मुधोळ हाउंड याच गोत्रातला. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानानं त्याला आश्रय दिला, राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची पिल्लं इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली, आणि २००५ मध्ये टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं. कोरेन यांच्या यादीत तो नाही; असता तर अफगाणच्या आसपासच बसला असता. तरीही २०१६ च्या सुमारास मीरतला लष्करानं मुधोळची पिल्लं प्रशिक्षणाला घेतली. परदेशी जातींच्या तोडीचं काम त्यांच्याकडून होतं का, हे पाहायचं होतं.

मुंबईकरांना हुशार कुत्रा म्हटल्यावर कुठलीही यादी आठवत नाही, झंजीर आठवतो. पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला हा लॅब्रडॉर १९९३ च्या स्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या बाँबशोधक पथकात होता. तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स त्याच्या नाकानं सापडलं. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. आज्ञापालनाच्या परीक्षेत नाकाला गुण नसतात. म्हणूनच माग काढण्यात ज्याचा हात कुणी धरू शकत नाही तो ब्लडहाउंड कोरेन यांच्या यादीत तळाकडे आहे. कोरेन यांनी स्वतः उपजत बुद्धी, प्रसंगावधान आणि आज्ञापालन असे तीन प्रकार सांगितले होते. क्रमवारी फक्त तिसऱ्याची होती. वर्तमानपत्रांनी उचलली ती निव्वळ हुशारी म्हणून.

एकविसाव्या शतकात प्रयोगशाळाच मेंढपाळांच्या कुत्र्याकडे वळल्या. २००४ मध्ये लाइपझिगच्या युलियाने कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी रिको नावाच्या बॉर्डर कॉलीला सुमारे दोनशे वस्तूंची नावं येतात, असं ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलं. नवं नाव ऐकलं की ओळखीच्या वस्तू वगळून तो अनोळखी वस्तू उचलून आणायचा. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गचे जॉन पिली तेव्हा निवृत्त प्राध्यापक होते. कुत्र्याला शब्द कळतात यावर त्यांचा विश्वास नव्हता. बॉर्डर कॉली पाळणारे शेतकरी मात्र, आमच्या कुत्र्यांना नावं कळतात, असं ठासून सांगत. पिलींनी चेसर नावाची कुत्री आणली आणि रोज चार-पाच तास तिला नावं शिकवली. तीन वर्षांत १०२२ वस्तू झाल्या: आठशे कापडी खेळणी, ११६ चेंडू, २६ तबकड्या, बाकीचं प्लॅस्टिकचं सामान. प्रत्येकाला वेगळं नाव, आणि ती लक्षात ठेवता ठेवता पिलींच्याच नाकी नऊ येत, म्हणून वस्तूंवर नावं लिहून ठेवावी लागली. २०११ मध्ये शोधनिबंध आला. चेसर एकटीच, तिच्यामागे एक माणूस तीन वर्षं पूर्णवेळ. दुसऱ्या जातीच्या किती कुत्र्यांना असं नशीब मिळालं?

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन, दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक तपासून एक मोठा अभ्यास निघाला. दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक असतो त्यातला जेमतेम नऊ टक्के जातीवरून सांगता येतो, असं त्यात आढळलं. एका गुणात जातीचा वाटा त्यातल्या त्यात जास्त दिसला, तो म्हणजे माणसाचं ऐकण्याची तयारी. टेल्फर आणि त्याच्या शेजाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडलं तेही तेच.

‘सर्वांत हुशार’ या बिरुदाचा ज्यांना आनंद व्हायला हवा, ते मेंढपाळ मात्र धास्तावले. अमेरिकन केनेल क्लबनं १९५५ पासून बॉर्डर कॉलीला ‘इतर’ वर्गात ठेवलं होतं. कोरेन यांच्या पुस्तकानंतर वर्षभरात, १९९५ मध्ये, क्लबनं त्याला रीतसर मान्यता देऊन प्रदर्शनात आणलं. कामाचे कुत्रे पाळणाऱ्या संघटनांनी कडाडून विरोध केला. राणीच्या कॉलीचं काय झालं ते त्यांना ठाऊक होतं: नाक लांबलं, केस वाढले, आणि मेंढी समोर आली तर काय करायचं ते बरेच विसरले. विरोधाचा उपयोग झाला नाही. शहरी घरांतून बॉर्डर कॉली आले आणि मेंढ्या नसल्यामुळे सायकली, मोटारी आणि धावणारी पोरं वळवू लागले. काम न मिळालेला हा कुत्रा घराचं काय करतो, याच्या तक्रारी घेऊन पुष्कळ जण प्राण्यांच्या निवाऱ्यात पोचले.

डोंगरात अजून जुनाच बाजार चालतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये वेल्समधल्या डॉल्गेथ्लायच्या बाजारसमितीनं कामाच्या कुत्र्यांचा ऑनलाइन लिलाव केला. त्यात किम नावाची तांबड्या-पांढऱ्या रंगाची कुत्री होती, वय वर्षाच्या आत. मेंढ्या आणि गुरं दोन्ही वळवायला शिकलेली. बोली २७,१०० पौंडांवर थांबली, आणि एका शेतकऱ्यानं तिला शेतावर कामाला नेलं.